गाडी बंद पडावी म्हणून खानापूरपर्यंत

सहलीला निघताना माणसं गाडी वाटेत बंद पडू नये म्हणून देवाला हात जोडतात. आम्ही गेल्या शनिवारी नारायण पेठेतून निघालो ते गाडी बंद पडावी, आणि शक्यतो जेवणाच्या आत पडावी, अशी इच्छा मनात धरून. ती इच्छा पूर्ण झाली. कशी, ते सविस्तर लिहिते आहे. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना उपयोग होईल, आणि ज्यांच्याकडे नवी आहे त्यांना निदान माझ्यावर हसता येईल.

आधी ओळख. मी निवृत्त शिक्षिका. विषय विज्ञान, इयत्ता आठवी ते दहावी, तीस वर्षं. आमची गाडी अठरा वर्षांची, पांढरी, छोटी, पेट्रोलची. घेतली यजमानांनी, चालवते मी. यजमानांना मी घरात 'अहो' म्हणते, इथेही तेच नाव पुरेल. अहोंची दृष्टी गाडी चालवण्याइतकी राहिली नाही तेव्हा वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी गाडी शिकले. शिकवणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काकू, नक्की का?" मी म्हटलं, "फी भरली आहे, तेव्हा नक्कीच." आज मी साठीला आले. सकाळी सहाला वाटलं की खडकवासल्याला जाऊन पाणी बघून येते. कोथरूडच्या मैत्रिणीला दवाखान्यात नेते. कुठल्याही कार्यक्रमातून मला हवं तेव्हा उठते, कारण 'आम्हाला कोण सोडणार' हा प्रश्न मला पडत नाही. हे सुख मला फार उशिरा मिळालं आणि मला ते फार आवडतं. दुसरी कुठली गाडी चालवायची माझ्यात आता हिंमत नाही, माझा हात हिच्यावरच बसलाय.

तर या गाडीला गेल्या वर्षभरात एक विचित्र रोग जडला. चालता चालता डॅशबोर्डवर अंधार व्हायचा, इंजिन गप्प. दोन-तीन मिनिटांनी किल्ली फिरवली की जसं काही झालंच नाही अशी सुरू. असं आठ वेळा झालं. आठव्या वेळी सिंहगड रस्त्याच्या उड्डाणपुलावर, ऐन संध्याकाळी, मागे ट्रक. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून आज मी हे लिहिते आहे.

आमचा मुलगा निखिल हिंजवडीला नोकरी करतो, राहतोही तिकडेच. त्याला हे कळलं आणि दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, त्याचा फोन आला. "आई, बस झालं आता. इट्स नॉट सेफ. रविवारी एक माणूस येतोय, तो गाडी स्क्रॅपला घेऊन जाईल. तुला ॲपवरून कॅब बुक करायला मी शिकवतो."

"दोष सापडला तर?"

"वर्षभर सापडला नाही, आई."

"रविवारपर्यंत सापडला तर?"

"तर ठेव बाबा. आणि नाही सापडला तर?"

"तर किल्ली मी स्वतः त्या माणसाच्या हातात देईन," असं मी म्हणून बसले. माझा स्वभावच तसा आहे. फोन ठेवला आणि मग लक्षात आलं की मध्ये दोनच दिवस आहेत.

आमच्या बोळाच्या तोंडाशी संजयचं गॅरेज आहे. संजय माझा विद्यार्थी, आता चाळिशीचा. वर्षभर गाडी तोच बघत होता. त्याने बॅटरी बदलली, किल्लीचा स्विच बदलला, फ्यूजची पेटी साफ केली. प्रत्येक वेळी गाडी पुन्हा बंद पडली, आणि प्रत्येक वेळी मी गॅरेजच्या दारात उभी राहून त्याला सुनावलं. "अंदाजाने उत्तरं लिहायची तुझी सवय आठवीपासून गेली नाही," असंही एकदा म्हणाले, दोन गिऱ्हाइकांच्या देखत. तो खाली बघून पाना पुसत राहायचा. गुरुवारी संध्याकाळी मी त्याच्याकडे गेले तेव्हा तो म्हणाला, "बाई, धायरीला एक वायरमन आहे. मोरेश्वर. तो फक्त वायरिंगचंच काम करतो. त्याला दाखवा."

"म्हणजे तू हात टेकलेस?"

"हो बाई," तो म्हणाला. एवढंच.

शुक्रवार : नारायण पेठ ते धायरी

धायरीला जाणाऱ्यांसाठी सूचना. अलका चौकातून शास्त्री रस्त्याने दांडेकर पूल, तिथून सिंहगड रस्ता. सकाळी साडेसातच्या आत निघालात तर अर्ध्या तासात धायरी फाटा. साडेआठला निघालात तर सोबत वाचायला काहीतरी घ्या. फाट्यावरून डावीकडे वळल्यावर रस्ता अरुंद आहे, आणि समोरून येणारा प्रत्येक टँकर रस्ता आपल्याच नावावर असल्यासारखा येतो.

गाडी वाटेत एकदाही थांबली नाही. मी तिला मुद्दाम उड्डाणपुलावरून नेलं, सिग्नलला मुद्दाम बंद-चालू केलं. काही नाही. डॉक्टरच्या दारात पोचल्यावर पोरांचा ताप उतरतो, तसंच.

मोरेश्वरभाऊ मूळचे अमरावतीकडचे, पुण्यात येऊन पंधरा वर्षं झाली. पत्र्याची शेड, भिंतीवर रंगीत वायरींची भेंडोळी, आणि एक खुर्ची जी त्यांनी लगेच फडक्याने पुसून मला दिली. मी लागलीच बॉनेट उघडायला निघाले तर म्हणाले, "राहू द्या ना मॅडम. आता ती चालून राहिली. चालत्या गाडीत काय पाहू?"

"मग?"

"मी डोळ्यानं पाहिल्याशिवाय वायरीला हात लावत नाही जी. रोगी समोर बोंबलला पाहिजे. नाहीतर मी पण एक पार्ट बदलीन, तुमच्या हातात बिल देईन, अन् तुम्ही परत याल."

मला माणूस आवडला. मी पर्समधून माझी वही काढली. विज्ञानाची शिक्षिका आहे मी, नोंदी नकोत? आठही वेळांची तारीख, वार, वेळ, हवा, टाकीत किती पेट्रोल, किती किलोमीटर झाले, सगळं रकाने आखून. मोरेश्वरभाऊंनी वही दोन्ही हातांत धरून वाचली, मान डोलावली, आणि विचारलं, "सोबत कोण होतं?"

"कधी?"

"प्रत्येक टायमाला."

हा रकाना माझ्या वहीत नव्हता. मी आठवून आठवून सांगायला लागले. पहिल्यांदा लग्नाला जाताना, सोबत अहो. दुसऱ्यांदा डॉक्टरकडून येताना, अहो. तिसऱ्यांदा… अहो. पाचव्यापर्यंत आल्यावर माझा आवाज बारीक झाला. आठही वेळा अहो गाडीत होते. आणि मी तर एकटी त्यांच्या तिप्पट फिरते!

"साहेब बसले की बंद पडते," मोरेश्वरभाऊ अगदी गंभीरपणे म्हणाले. "साहेब गाडीत बसून काय करतात?"

"सूचना देतात."

"अजून?"

"अजून काय… एसी लावतात. बसल्या बसल्या फुल. मी एकटी असले की काचा खाली करते, मला नाही लागत एसी."

मोरेश्वरभाऊंनी वही मिटून माझ्या हातात दिली. "उद्या साहेबांना घेऊन या. मी येतो सोबत. जिथपर्यंत बंद पडत नाही तिथपर्यंत जाऊ."

घरी येऊन अहोंना सांगितलं, "उद्या तुम्हाला यायचंय. प्रयोगाचं साहित्य म्हणून."

अहो पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "पस्तीस वर्षांनी का होईना, माझा उपयोग सापडला म्हणायचा. डब्यात काय आहे?"

शनिवार : धायरी, खडकवासला, खानापूर

सकाळी आठला धायरीतून निघालो तेव्हा गाडीचा अवतार बघण्यासारखा होता. मोरेश्वरभाऊंनी बॉनेटमधून दोन लांब वायरी काढून मागच्या खिडकीतून आत घेतल्या होत्या आणि मागे बसून मांडीवर मीटर ठेवला होता. एक वायर बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी गाडीच्या पत्र्याला. कारण सोपं आहे. बॅटरीतून निघालेली वीज दिव्यांमधून, पंख्यामधून फिरून गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत येते. परतीची वाट मोकळी असेल तर मीटर शून्यापाशी राहणार. वाटेत अडथळा असेल तर आकडा वर चढणार. हे मी हजारो मुलांना शिकवलंय, फक्त मुलांच्या वेळी ती बॅटरी टॉर्चची होती.

नांदेड फाट्याच्या गर्दीत एक स्कूटरवाला शेजारी येऊन म्हणाला, "काकू, वायरी लोंबतायत!"

"माहितीये," अहो खिडकीतून वाकून म्हणाले. "पेशंटला सलाईन लावलंय."

वर्दळीत गाडी बंद पडायला नको म्हणून धरणापर्यंत एसी लावायचा नाही असं ठरलं होतं. अहो घाम पुसत बसले होते. दिवाळी होऊन गेली तरी ऊन अजून चटका देत होतं. किरकटवाडी मागे पडली, रस्ता जरा मोकळा झाला, आणि मग उजवीकडे ते पाणी आलं. मी किती वेळा बघितलंय, पण दर वेळी त्या वळणावर आपोआप गाडीचा वेग कमी होतो. यंदा धरण काठोकाठ आहे. वारा नव्हता, पलीकडचे डोंगर पाण्यात जसेच्या तसे उतरले होते. सुट्टीच्या दिवशी दहानंतर इथे येऊ नका, गाडी लावायला जागा मिळत नाही आणि पाण्यापेक्षा माणसंच जास्त दिसतात. आम्ही नऊच्या आत होतो. काठावरच्या एका हातगाडीवर कांदाभजी खाल्ली, पन्नास रुपयांना भरपूर आली. कणीस मात्र घेऊ नका, सध्या जून निघतंय. अहोंनी माझा सल्ला न ऐकता घेतलं आणि पुढे दहा मिनिटं दात कोरत बसले.

डोणज्याच्या फाट्याला सगळी गर्दी डावीकडे सिंहगडाकडे वळली. आम्ही सरळ, पानशेतच्या रस्त्याला. इथून पुढे एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भातखाचरं, कापणी होऊन मोकळी झालेली. रस्ता काही ठिकाणी लोण्यासारखा आणि काही ठिकाणी करायचा विसरून गेल्यासारखा.

"साहेब," मागून मोरेश्वरभाऊ म्हणाले, "लावा आता एसी."

अहोंनी जणू एखाद्या इमारतीचं उद्घाटन असावं अशा थाटात बटण दाबलं. मी हेडलाइट लावले. मोरेश्वरभाऊ आकडे सांगायला लागले. "पॉइंट तीन… पॉइंट चार… मॅडम, चढून राहिला. जरा खड्ड्यात घाला."

"काय?"

"खड्ड्यात घाला ना जी. चुकवू नका."

नऊ वर्षं मी पुण्याचे खड्डे चुकवायला शिकले. ते विसरून एकेक खड्डा नेम धरून घ्यायचा म्हणजे हाताला पटेना. अहोंना मात्र भलताच उत्साह आला. "तो डावीकडचा राहिला. तो घे. अगं, घे ना!" प्रत्येक आदळण्याबरोबर मागून ओरडा यायचा, "पॉइंट नऊ! दीड! खाली आला परत." मला हसू आवरेना. खानापूरच्या थोडं अलीकडे एका टपरीसमोर उंच गतिरोधक होता. तो जरा जोरातच घेतला, मागून "दोनच्या वर गेला!" असं ऐकू आलं आणि डॅशबोर्डवर अंधार. एसी गप्प. इंजिन गप्प. गाडी आपल्या वेगाने घरंगळत टपरीच्या सावलीत जाऊन उभी राहिली.

"बंद!" आम्ही तिघं एकदम ओरडलो आणि टाळ्या वाजवल्या.

टपरीवरच्या बाई चहाचं पातेलं हातात घेऊन बाहेर आल्या. "गाडी बंद पडली न् हसताय व्हय ओ?"

"दोन दिवस वाट बघत होतो," मी म्हटलं.

"घ्या आता! बसा तितं बाकड्यावर, च्या टाकते."

मोरेश्वरभाऊंनी किल्लीला हात लावू दिला नाही. बॉनेट उघडलं, कशालाही धक्का न लावता बॅटरीच्या ऋण टोकावर बोट ठेवलं आणि तिथून निघणाऱ्या जाड काळ्या वायरीवरून बोट हळूहळू पुढे नेत गेले. बॅटरीच्या शेजारी, पत्र्यावर, बोट थांबलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि चक्क हात जोडले.

"मॅडम, इथं पूजा केलेली आहे जी."

"हो, मीच करते. दर दसऱ्याला."

"हे पुसू का?"

आणि माझ्या तोंडून सवयीने शब्द गेले, "नको, पूजेचं आहे. पुसायचं नसतं."

मोरेश्वरभाऊ टोपी हातात धरून तसेच उभे. मी पुढे होऊन वाकून बघितलं. अठरा दसऱ्यांची हळद, अठरा दसऱ्यांचं कुंकू, अक्षता, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, सगळं एकावर एक बसून पेढ्याएवढा लालपिवळा थर झाला होता. ती जाड काळी वायर सरळ त्या थरात शिरत होती.

"खाली बोल्ट आहे, मॅडम," ते हळूच म्हणाले. "सगळ्या गाडीचा परतीचा करंट इथूनच जातो."

मला समजायला एक क्षणही लागला नाही, हीच तर पंचाईत. लोक टायरला कुंकू लावतात, फार तर बॉनेटवर स्वस्तिक काढतात. मी मात्र पहिल्या वर्षीच ठरवलं होतं की पूजा करायची तर आतल्या यंत्राची. बॉनेट उघडलं तर सगळीकडे तेल आणि काजळी. एकच जागा स्वच्छ, चकचकीत, उघड्या धातूची. तिथे मी फुलाने पाणी शिंपडलं, ओलं हळदकुंकू वाहिलं, आणि तीच जागा कायमची ठरली. ती स्वच्छ होती कारण तिथे वायर नीट टेकावी म्हणून रंग मुद्दाम काढलेला असतो! लोखंड गंजायला हवा आणि पाणी लागतं हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, आणि घरी येऊन दरवर्षी मुहूर्तावर पाणी घातलं. एकदा सर्व्हिसिंगला दिल्यावर संजयने तिथून फडका फिरवला होता तर मी त्याला असं काही झापलं होतं की बस.

मला भयंकर लाज वाटली. अहो माझ्या मागेच उभे होते. त्यांच्या जिभेला असा विषय आयुष्यात मिळाला नव्हता, आणि मी पाठ ताठ करून वाट बघत राहिले. ते काही बोलले नाहीत. बाकड्यावरून पाण्याची बाटली आणून माझ्या हातात दिली, बस्स.

मी हात जोडले, मनातल्या मनात क्षमा मागितली, आणि मोरेश्वरभाऊंकडून फडका घेऊन ते सगळं स्वतः पुसलं. दुसऱ्या कुणी पुसलं असतं तर मला चाललं नसतं. खालून बोल्ट निघाला तो हिरवा-पांढरा, भुकटी भुकटी झालेला. मोरेश्वरभाऊंनी तो सोडवला तर वायरीचं टोक अर्धं खाल्लेलं. पत्र्याला टेकत होतं ते कसंबसं. थोडी वीज जायची, पण एसी आणि दिव्यांची सगळी मिळून यायला लागली आणि वर धक्का बसला की वाट तुटायची.

त्यांनी टोक कापून नवं लावलं, पत्रा पॉलिश पेपरने घासून लखलखीत केला, नवा बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीनसारखं काहीतरी चोपडलं. पाऊण तास गेला. तेवढ्यात आमचे दोन-दोन चहा झाले. टपरीवरच्या बाईंनी सगळं कान देऊन ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "आमचं हे ट्रॅक्टरच्या टायरीलाच लावत्यात ओ कुकू. आत कशाला जायचं म्हनते मी? देवाला भाईरनं दिसत न्हाई व्हय?"

"दिसतं," मी म्हटलं. "तुम्ही आमच्या शाळेत असायला हव्या होतात."

किल्ली फिरवली. एसी, हेडलाइट, वायपर, मागची काच तापवायचं बटण जे मी आजवर कधी दाबलंच नव्हतं, सगळं एकदम लावलं. मागून आवाज आला, "शून्य पॉइंट शून्य चार." तोच गतिरोधक मी पाच वेळा घेतला. पाचही वेळा तेवढंच. पाचव्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पुसलं नाही.

खानापुरात एका घरगुती खानावळीत पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा आणि दही असं जेवलो. माणशी दीडशे. ठेचा मागताना विचार करून मागा. मोरेश्वरभाऊंनी अहोंना अमरावतीकडे यायचं आमंत्रण दिलं, आणि दिवसभराच्या मजुरीचे जेवढे पैसे मागितले ते इतके कमी होते की अहोंनी वाद घालून जास्त दिले. परतताना मी धरणापाशी गाडी थांबवली. वारा सुटला होता, पाणी दगडांवर आपटत होतं. कुणालाच घाई नव्हती.

रविवार, आणि मग सोमवार

निखिल अकराला आला. मी चहाही न देता त्याला गाडीत मागे बसवलं, अहोंना पुढे, एसी फुल. दांडेकर पूल, सिंहगड रस्ता, तोच उड्डाणपूल. जिथे ट्रक होता तिथे मी आरशात एकदा मागे बघून घेतलं. गाडी गेली. परत आलो, पुन्हा गेलो. तिसऱ्या फेरीला निखिल म्हणाला, "आई, ओके, ओके, पटलं," आणि त्या स्क्रॅपवाल्या माणसाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. त्याचा चेहरा मला आरशात दिसत होता. त्यालाही सुटल्यासारखं झालं होतं.

"पण होतं काय नक्की?"

"अर्थिंगची वायर गंजली होती," अहो समोर बघत म्हणाले. "जुनी गाडी, व्हायचंच."

मी त्यांच्याकडे बघितलं. या माणसाने माझ्या पहिल्या करंजीवरून पस्तीस वर्षं टोमणे मारलेत. आणि आज एवढं पिकलेलं फळ हातात असताना त्याने ते खाली ठेवलं. मग मला गप्प बसवेना. मीच सगळं सांगून टाकलं, पहिल्या दसऱ्यापासून. निखिल इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि मग अहोही हसले, आतापर्यंतचं सगळं साठवलेलं. मीही.

सोमवारी सकाळी मी एक काम उरकायला गेले, ज्याची मला मुळीच सवय नाही. संजयच्या गॅरेजच्या दारात उभी राहिले. तेव्हाही दोन गिऱ्हाइकं होती, ते बरंच झालं.

"संजय, माझं चुकलं," मी म्हटलं. "वर्षभर तुला बोलले. तुझं काही चुकत नव्हतं. मी ज्या जागेला कुंकू लावत होते, तिथेच बोल्ट गंजला होता."

"हो बाई," तो म्हणाला.

"हो म्हणजे? तुला माहीत होतं?"

त्याने पाना खाली ठेवला. "बॅटरी बदलल्यावर पण बंद पडली ना, तेव्हाच वाटलं होतं. पण पूजेचं होतं, आणि तुम्ही हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं. मग आजूबाजूचं सगळं करून बघितलं."

"म्हणजे मोरेश्वरला तू सांगून ठेवलंस?"

"नाही बाई. नुसतं म्हटलं, आमच्या बाईंची गाडी आहे, नीट बघ. त्याला सापडणारच होतं. आणि तो तुम्हाला सांगू शकणार होता."

"आणि तू नाही? अरे, मी त्या पुलावर ट्रकखाली गेले असते!"

तो खाली बघायला लागला, मग हळूच म्हणाला, "पुलावरचं कळलं त्या रात्री झोप नाही लागली बाई. म्हणून तर लगेच धायरीला पाठवलं. पण तो तुमच्या वर्गात नव्हता ना."

पन्नास जणांच्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी एवढी शांतता मी ठेवायचे आणि त्याचा मला फार अभिमान होता. ती शांतता पोरं घरी घेऊन जातात, मोठी होतात, गॅरेज काढतात, आणि बाईंच्या गाडीचा दोष समोर दिसत असूनही तोंड उघडत नाहीत, हे मला साठाव्या वर्षी कळलं. किल्ली माझ्या हातातून जाणार होती ती हळदकुंकवापायी नव्हे. ती माझ्या जिभेपायी जात होती.

गॅरेजमध्ये एक स्टूल होतं, ते मी ओढून घेतलं आणि बसले. "अजून काय काय दिसलंय तुला माझ्या गाडीत?" मी विचारलं. "सगळं सांग. मी मध्ये बोलणार नाही."

संजयने हात पुसले, मी खरंच बोलणार नाही ना याची नजरेनेच खात्री करून घेतली, आणि सांगायला सुरुवात केली. दोनदा चहा मागवावा लागला.